नववी निसटली की अकरावी डगमगते

२०२५ साली दहावीची लेखी परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश त्याच वर्षी पहिल्यांदा संपूर्ण राज्यात लागू झाले. तोवर सोलापुरात प्रत्येक कॉलेज आपापली गुणवत्ता यादी लावत असे. आता अक्कलकोटच्या मुलालाही दहापर्यंत पसंतीक्रम भरून फेरीची वाट पाहावी लागली. वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. शेवटचा पेपर आणि पहिला तास यांच्यामध्ये जवळपास पाच महिने गेले. प्रवेशाची पद्धत चांगली की वाईट हा वाद वेगळा आहे. इथला प्रश्न असा की या पाच महिन्यांत मुलाने काय करायचे, हे त्याला कोणी सांगायचे? शाळेतून दाखला निघालेला असतो, कॉलेजात नाव लागलेले नसते. त्या काळात तो कोणाचाच विद्यार्थी नसतो.

ज्यांना परवडते त्यांच्यापुरती ही पोकळी खासगी क्लासने भरून काढली आहे. दहावीचा पेपर संपला की अकरावीच्या बॅच सुरू होतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा किंवा विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी त्याच महिन्यांत घरच्या कामाला हात लावते, नाहीतर नुसती निकालाची वाट पाहते. ऑगस्टमध्ये क्लास लावलेला आणि न लावलेला असे दोघे एका बाकावर बसतात तेव्हा एकाचे भौतिकशास्त्राचे चार-पाच धडे झालेले असतात आणि दुसऱ्याने पुस्तकही पाहिलेले नसते. शिक्षक विचारतात, “हे येतं ना सगळ्यांना?” निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि तास पुढे सरकतो. उरलेल्या निम्म्या वर्गाचे वर्ष तिथेच मागे पडायला लागते.

आमचे म्हणणे सरळ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रवेश फेऱ्या संपायची वाट न पाहता जून-जुलैमध्ये तीन आठवड्यांचा मोफत सेतू वर्ग (ब्रिज कोर्स) घ्यावा. आणि त्या वर्गात अकरावीचा पहिला धडा शिकवू नये. नववी शिकवावी.

नववी कशासाठी, ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पालकांचा आणि पुष्कळ शिक्षकांचाही समज असा असतो की अकरावी दहावीवर उभी आहे. राज्य मंडळाची पुस्तके शेजारी ठेवून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. अकरावीच्या भौतिकशास्त्राचा पाया म्हणजे विस्थापन, वेग, त्वरण आणि न्यूटनचे नियम. हे सगळे नववीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात येते. कार्य आणि ऊर्जा नववीत, धाराविद्युत नववीत. रसायनशास्त्राचे अकरावीचे दार ज्या मोल संकल्पनेने उघडते ती नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात आहे. गणितात संच, बहुपदी आणि त्रिकोणमितीची गुणोत्तरे हीसुद्धा नववीतच. दहावीत यातला काही भाग वापरला जातो, पण नव्याने कोणी शिकवत नाही. शिवाय बोर्डाचा पेपर दहावीचा असल्याने पुष्कळ शाळांत नववीचा अभ्यासक्रम जानेवारीच्या सुमारास गुंडाळून दहावीला हात घातला जातो. म्हणजे जे अकरावीला सर्वांत जास्त लागते, ते घाईत शिकवले गेलेले असते आणि दीड वर्ष त्याकडे कोणी वळून पाहिलेले नसते. दहावीला नव्वद टक्के मिळवणारे मूल अकरावीच्या पहिल्या चाचणीत गडगडते, ते हुशारी आटल्यामुळे नाही. मधली एक पायरी गायब असते.

मोलचेच उदाहरण घ्या. ९ ग्रॅम पाण्यात किती रेणू? पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणून ९ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण, म्हणून ३.०११ × १०²³ रेणू. तीन ओळींचे गणित आहे. पण मुलांना हे तीन ठिकाणी अडते: रेणुवस्तुमान काढताना ऑक्सिजनचे १६ घ्यायचे की रेणूचे ३२, ग्रॅमचे मोल करताना भागायचे की गुणायचे, आणि दहाच्या घातांकाचे करायचे काय. तिन्ही अडचणी नववीच्या आहेत. अकरावीचे शिक्षक मात्र सुरुवातीच्याच आठवड्यांत मर्यादित अभिक्रियाकारकाच्या (लिमिटिंग रिएजंट) गणितापर्यंत पोचतात, कारण अभ्यासक्रम त्यांना पोचायला लावतो.

भौतिकशास्त्रातली अडचण याहून खोल आहे आणि तिला मुले जबाबदार नाहीत. अकरावीच्या भौतिकशास्त्राचा दुसरा धडा गणितीय पद्धतींचा आहे. त्यात सदिश (व्हेक्टर) आणि कलनाची (कॅल्क्युलस) ओळख येते. तिसऱ्या धड्यात, प्रतलातील गती शिकवताना, वेग म्हणजे विस्थापनाचा विकलज (डेरिव्हेटिव्ह) असे लिहिले जाते. पण गणिताच्या पुस्तकात सीमा, सातत्य आणि विकलन हे दुसऱ्या भागातले शेवटचे धडे! भौतिकशास्त्राला जे पहिल्या महिन्यात लागते ते गणितात वर्षअखेरीस येते. दोन्ही विषयांचे शिक्षक एकत्र बसून क्रम लावत नाहीत तोवर मूल सूत्र पाठ करून वेळ मारून नेते, आणि पाठ केलेले सूत्र कुठे लावायचे हे त्याला बारावीतही कळत नाही.

ही तफावत सेतू वर्गात दीड तासात मिटवता येते आणि त्यासाठी नवे काही शिकवावे लागत नाही. समजा, वरून सोडलेला दगड t सेकंदात ५t² मीटर खाली येतो. दोन सेकंदांत २० मीटर. २.१ सेकंदांत २२.०५ मीटर. या ०.१ सेकंदातला सरासरी वेग २०.५ मीटर प्रतिसेकंद. आता २.०१ सेकंद घ्या: २०.२००५ मीटर, सरासरी वेग २०.०५. मध्यंतर आणखी लहान करा. आकडा २० च्या जवळ जवळ सरकतो. हे कोष्टक मुलांनी स्वतः वहीत मांडले की ‘सीमा’ हा शब्द त्यांच्या हाती लागतो. मग विकलनाचे चिन्ह फळ्यावर आले तरी कोणी दचकत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि सोलापुरात ती इतर जिल्ह्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा मराठी माध्यमाची आणि अकरावी विज्ञान इंग्रजीतून, असा प्रवास करणारी मुले इथे वर्गावर्गात आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दू माध्यमाच्या आहेत. या मुलांना विज्ञान येत नाही असे नाही. त्वरण म्हणजे काय हे त्यांना माहीत असते, पण ‘अ‍ॅक्सलरेशन’ ऐकून त्वरण आठवायला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात शिक्षकांचे पुढचे वाक्य निघून जाते. संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, ऊती म्हणजे टिश्यू. असे नववी-दहावीचे दीड-दोनशे शब्द आहेत. रोज दहा घेतले तर वीस दिवसांत होतात. पण नुसती यादी पाठ करून भागत नाही, कारण काही शब्द फसवे असतात. बोलण्यातल्या मराठीत गाडीचा ‘वेग’ म्हणजे स्पीड. पाठ्यपुस्तकात स्पीडला ‘चाल’ म्हणतात आणि ‘वेग’ म्हणजे व्हेलॉसिटी, ज्याला दिशा असते. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांचेही तसेच. या जोड्या उदाहरणासकट वेगळ्या करून घेतल्या नाहीत तर चूक भाषेची असते आणि गुण विज्ञानाचे जातात.

सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलांना शब्द येतात, वाक्य येत नाही. प्रश्नपत्रिकेतले डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश हे चार हुकूम वेगवेगळे उत्तर मागतात हे त्यांना सांगावे लागते. डिफाइनला एक नेमके वाक्य आणि लागू असेल तिथे एकक. डिराइव्हला आकृती, गृहीतके, पायऱ्या आणि शेवटी चौकटीत सूत्र. स्टेटला सिद्धता लिहीत बसलात तर वेळ गेला. रोज पाच वाक्ये इंग्रजीत लिहायची आणि ती दुसऱ्या मुलाने वाचून अर्थ सांगायचा, एवढा सराव तीन आठवडे पुरतो. उर्दू, कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी शब्दांच्या तक्त्यात तिसरा रकाना आखावा. तो त्याच मुलांकडून भरून घेतला तर त्यांचा अभ्यास आपसूक होतो.

तिसरी गोष्ट लॉग टेबलची. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, लॉग टेबल चालते. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकापासून ते लागते आणि ते पाहायला कोणी तास देत नाही. विज्ञानाचे शिक्षक गणिताकडे बोट दाखवतात, गणिताचे विज्ञानाकडे. २३.४५ चा लॉग काढायचा तर दशांश चिन्हाआधी दोन अंक, म्हणून पूर्णांश १. मग २३ च्या ओळीत ४ च्या रकान्याखाली ३६९२, आणि सरासरी फरकाच्या ५ खाली ९, बेरीज ३७०१. उत्तर १.३७०१. संख्या एकपेक्षा लहान असली की पूर्णांश ऋण होतो आणि त्याच्या डोक्यावर रेघ येते. चुका जास्तीत जास्त इथेच होतात, कारण रेघेखालचा आकडा ऋण पण पुढचा अपूर्णांश धनच असतो हे ध्यानात राहत नाही. अँटिलॉगचे पान उघडण्याऐवजी पुन्हा लॉगचेच पान उघडणे ही दुसरी नेहमीची चूक. रोज पाच गुणाकार-भागाकार असे आठवडाभर केले की हात बसतो.

आता वर्गाची आखणी. रविवार सोडून १८ दिवस, रोज ३ तास, एकूण ५४ तास. त्यातले १६ गणिताला, १२ भौतिकशास्त्राला, १० रसायनशास्त्राला, ६ जीवशास्त्राला, ६ भाषा आणि टिपणांना, ४ प्रयोगशाळेला. पहिल्या दिवशी २५ प्रश्नांची चाचणी घ्यावी, पण तिचे गुण फळ्यावर लावू नयेत. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर (५/१८ ने गुणून २०), साइन ३० अंश किती, कंसाचा वर्ग सोडवा, अशी साधी चाचणी. उत्तरपत्रिका शिक्षकांनी चुकांच्या प्रकारांनी वेगळ्या कराव्यात. a + b चा वर्ग a² + b² लिहिणारी मुले, (a + b)/a मधला a काटून b उरवणारी मुले, १/(a + b) ची १/a + १/b करणारी मुले. दहावीत हे खपून जाते, कारण प्रश्न ओळखीच्या साच्यातले असतात. अकरावीत साइन (A + B) म्हणजे साइन A अधिक साइन B असे लिहिण्यामागे हीच सवय असते. गणिताच्या १६ तासांपैकी किमान ६ फक्त बीजगणिताच्या शुद्धीला द्यावेत असे आम्हाला ठामपणे वाटते. नवे प्रकरण एकही घेतले नाही तरी चालेल.

प्रयोगशाळेच्या ४ तासांत आम्ल-अल्कली काढू नयेत. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज आणि ब्युरेट एवढेच. व्हर्निअरचे लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर, स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर, आकडा सारखा दिसतो, एकक दहापट वेगळे, आणि जर्नलमधल्या चुकांचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. शून्य त्रुटी धन असेल तर वाचनातून वजा करायची, ऋण असेल तर मिळवायची. ब्युरेटमध्ये पाणी भरून खालच्या वक्राशी डोळा समपातळीत ठेवून ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचायचे. प्रत्येक मुलाने उपकरण स्वतः हाताळले पाहिजे. पाच जणांच्या गटात एकाने मोजायचे आणि चौघांनी उतरवून घ्यायचे, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी लागते. वरच्या वर्गातल्या मुलाचे जर्नल घरी नेऊन उतरवण्याची सवयही तिथूनच लागते.

टिपणांविषयी थोडे. शाळेत उत्तरे फळ्यावर येतात किंवा सांगितली जातात आणि मुले ‘लिहून घेतात’. कॉलेजात शिक्षक बोलतात आणि काय लिहायचे हे मुलाने ठरवायचे असते. पानाचा डावीकडचा एक तृतीयांश भाग कोरा सोडावा, तासात उजवीकडे लिहावे, त्याच संध्याकाळी वीस मिनिटे काढून डावीकडे आपले प्रश्न आणि पाठ्यपुस्तकातल्या पानांचे क्रमांक टाकावेत. अक्कलकोटहून किंवा मोहोळहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांना ही वीस मिनिटे परतीच्या बसमध्ये मिळतात, बसायला जागा मिळाली तर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश दरात मिळतो. पण पास घेऊनही शेवटची सोयीची बस प्रात्यक्षिक सुटण्याआधीच निघून जात असेल तर मुलगी प्रात्यक्षिक सोडते, बस सोडत नाही. बाहेरगावच्या मुलांची तुकडी प्रात्यक्षिकाला सकाळी घ्यावी. वेळापत्रक करणाऱ्यांनी एसटीचे वेळापत्रक समोर ठेवले तर हे जमते.

वाणिज्य शाखेला नववीचे ओझे नाही. पुस्तपालन सगळ्यांनाच नवे असते. तिथे सेतू लहान, आठवड्याचा पुरे: किर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, आणि खात्यांच्या प्रकारांप्रमाणे नावे-जमेचे नियम. चादरी-टॉवेलच्या किंवा सुताच्या दुकानातली खरी बिले घेऊन तीस नोंदी करून घेतल्या तर दहावीच्या अर्थनियोजनाच्या धड्यातला जीएसटीही उपयोगी पडतो. कला शाखेत मुख्य उणीव सलग लिहिण्याची असते. रोज दीड पान, गाईड न पाहता.

या मागणीवर तीन आक्षेप येतात. पहिला, मुलांना सुट्टी हवी. हवीच, एप्रिल-मे त्यांचाच आहे. पाच महिने रिकामे राहिलेल्या मुलाला मात्र पुन्हा बसायची सवय लावायलाच महिना जातो. दुसरा, प्रवेशच झालेले नसतात तर कोणाला शिकवायचे? सोलापुरात पुष्कळ ठिकाणी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच संस्थेचे, एकाच आवारात आहे. त्या आवाराच्या आसपासच्या कोणत्याही दहावी उत्तीर्ण मुलाला, पुढे त्याचे नाव कुठेही लागो, बसू द्यावे. नववी शिकवणाऱ्या शाळेच्या शिक्षकांनी आणि अकरावी शिकवणाऱ्यांनी मिळून तास वाटून घ्यावेत. एकमेकांची पुस्तके त्यांनी पाहिली तर निम्मे काम तिथेच होते. त्यांना मानधन द्यावे लागेल आणि ते संस्थांनी किंवा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाने उभे केले पाहिजे. शिक्षकांच्या सुट्टीवर आणि भलेपणावर असा उपक्रम दोन वर्षांपलीकडे टिकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाल्यावर अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? म्हणूनच हे ऑगस्टच्या आत हवे. आणि अभ्यासक्रम ‘पुरा होणे’ म्हणजे शिक्षकांचे शिकवून होणे की मुलांचे शिकून होणे, हेही विचारायला हवे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या २०० गुणांत ते ४० च्या घरात जातात. अकरावी कशीबशी ओलांडलेल्या मुलाला हे ४० गुण बारावीच्या धावपळीत भरून काढता येत नाहीत, आणि क्लास लावू शकणाऱ्या घरातल्या मुलाशी त्याची बरोबरी तिथेच संपते.

कोविडनंतर २०२१ मध्ये राज्याने दुसरी ते दहावीच्या मुलांसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आखला होता, रोजच्या कृतिपत्रिका आणि टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांसह. म्हणजे अशी आखणी कशी करायची हे शासनाला माहीत आहे. मागच्या इयत्तेतले निसटलेले आधी भरून काढायचे हे तत्त्वही तेव्हा मान्य झाले होते. अकरावीच्या दारात ही दरी साथीमुळे नाही, रचनेमुळे पडते. त्यामुळे ती दर वर्षी पडणार.

असे सेतू वर्ग सुरू होईपर्यंत मुलांनी थांबू नये. बालभारतीच्या संकेतस्थळावर नववी आणि अकरावीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. शंभर पानी एक वही, रोज दीड तास: चाळीस मिनिटे नववीचे गणित किंवा विज्ञान, तीस मिनिटे बीजगणिताच्या दहा पायऱ्या आणि लॉगची पाच गणिते, वीस मिनिटे शब्द. अकरावीचे पुस्तक उघडायची घाई करू नये.

आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी फक्त गेल्या वर्षीचा कट-ऑफ विचारू नये. खिडकीवरच्या कारकुनाला नाही, विज्ञान विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: अकरावीचे प्रात्यक्षिक दर आठवड्याला होते का आणि एका उपकरणावर किती मुले असतात, गणिताचे शिक्षक विकलन भौतिकशास्त्राच्या आधी घेतात की वर्षाच्या शेवटी, आणि मराठी, उर्दू, कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पहिल्या महिन्यात वेगळा तास आहे का. नसेल तर तसे लेखी अर्जात मागावे.